ऊसतोड टोळीतील बाईची हकिकत आणि माहितीपट: चित्रीकरणाआधी ठरवायच्या गोष्टी

शिरोळ तालुक्यातील तुमच्या गावच्या शिवारात उतरलेल्या ऊसतोड टोळीतील एका बाईने तुमच्या मोबाईलसमोर आपली हकिकत सांगितली. गेल्या हंगामाचा पट्टा पडल्यानंतर, म्हणजे हंगाम संपल्यावर, उचल (हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम) फिटली नाही या कारणावरून मुकादमाने, म्हणजे टोळी जमवून आणणाऱ्या ठेकेदाराने, तिच्या दिराला घरी जाऊ दिले नाही, त्याला दुसऱ्या कुठल्यातरी कामावर ठेवून घेतले आणि तो अजून परतलेला नाही. या चित्रणावरून माहितीपट करावा असे तुमच्या मनात आहे आणि तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: यासाठी कोणाची परवानगी लागते, तयार झालेला माहितीपट कोल्हापुरात सभागृहात दाखवता येईल का, आणि त्यातून त्या कुटुंबाला न्याय मिळेल का. कामगारांच्या, विस्थापितांच्या आणि अत्याचारग्रस्तांच्या प्रश्नांवर माहितीपट करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. त्या अनुभवाच्या आधारे सविस्तर लिहिते, मात्र तुमच्या प्रश्नांचा क्रम बदलून.

सर्वांत आधी त्या दिराचा विचार करावा लागेल. घरच्यांच्या सांगण्याप्रमाणे तो आज कोणाच्या तरी ताब्यात असेल, तर पहिले काम लेखी अर्जाचे आहे आणि कॅमेरा त्यानंतर येतो. वेठबिगार पद्धती निर्मूलनाचा कायदा १९७६ चा आहे आणि त्याच्या अंमलबजावणीची जबाबदारी जिल्हा दंडाधिकाऱ्यांवर, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांवर आहे. त्यांच्या वतीने प्रांत आणि तहसीलदार चौकशी करतात. उचल ही 'वेठबिगारीतील कर्ज' आहे असे कामगाराने म्हटले, तर ती तशी नाही हे सिद्ध करण्याचा भार या कायद्याने धनकोवर टाकलेला आहे. ही तरतूद फार थोड्यांना ठाऊक असते, आणि ज्याच्याकडे एक चिठोरीही नाही अशा माणसाच्या दृष्टीने ती फार मोलाची आहे. किमान वेतनाहून कमी मोबदल्यात काम करून घेणे हीसुद्धा सक्तीची मजुरीच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली दिल्लीतील एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सांगितले. फरिदाबादच्या दगडखाणींतील मजुरांविषयीचे एक पत्र हीच याचिका मानून त्याच न्यायालयाने डिसेंबर १९८३ मध्ये निर्णय दिला. त्यामुळे साध्या कागदावर लिहिलेला, तारीख आणि ठिकाण असलेला अर्जही पुरतो. त्या बाईला वकिलाचा खर्च झेपणार नाही, पण विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना आणि वेठबिगारीला बळी पडलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अर्ज कुठे द्यायचा हे मात्र त्या माणसाला कोठे ठेवले आहे त्यावरून ठरते. तो कोल्हापूर, सांगली, सातारा किंवा सोलापूर भागात असेल तर १८ ऑगस्ट २०२५ पासून कामकाज सुरू झालेल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे दाद मागता येते. बीड किंवा जालन्याकडे असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठाकडे जावे लागते. त्या बाईची इच्छा असेल तरच तुमचे चित्रण वकिलाच्या हाती द्या. तोवर ते कोणत्याही गटावर, कोणाच्याही मोबाईलवर जाता कामा नये.

आता माहितीपटाकडे येते. अन्यायाच्या विषयावर काम करताना मी एकच सवय लावून घेतली आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या तरुणांनाही तीच लावते. माहितीपट पहिल्यांदा दाखवला जाईल त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, त्यात बोललेला माणूस कुठे असेल, कोणाच्या शेजारी असेल आणि त्याला कोण काय विचारील, हे आधी डोळ्यांसमोर आणायचे आणि तिथून मागे येत चित्रीकरण ठरवायचे. परवानगी, पुरावा, संकलन आणि प्रदर्शन या चारही गोष्टींची उत्तरे या एका प्रश्नात आहेत. ऊसतोडीच्या विषयात तर हा प्रश्न फारच टोकदार होतो, कारण मुकादम हा बहुधा त्याच वस्तीतला, कित्येकदा नात्यातला असतो. हंगाम संपला की तुम्ही कोल्हापुरात राहाल. ती बाई मात्र त्याच्या घरापासून चार घरे पलीकडे राहायला जाईल, आणि पुढच्या दसऱ्याला पुन्हा उचल घ्यायची वेळ आली की तिच्या नवऱ्याला त्याच्याच दारात उभे राहावे लागेल.

म्हणून संमती म्हणजे कागदावरचा अंगठा, असे मानू नका. संमती निदान तीनदा घ्यावी लागते: चित्रीकरणाआधी, कच्चे संकलन दाखवल्यानंतर आणि पहिल्या जाहीर प्रदर्शनाआधी. त्यातील दुसरी संमती सर्वांत महत्त्वाची, कारण आपण बोललो ते इतरांच्या बोलण्याशेजारी ठेवल्यावर कसे दिसते, हे माणसाला तेव्हाच कळते. फडात, ऊसमालकाच्या बांधावर किंवा मुकादमाच्या देखत विचारलेल्या प्रश्नाला 'हो' मिळाले तरी ते धरू नये. कामाच्या वेळात तर मुलाखत मुळीच घेऊ नका. जोडप्यातील एकजण अर्धा दिवस जरी कोयता खाली ठेवून बसला, तरी मुकादम खाडा धरतो, तो दंड जोडप्याच्या हिशेबात चढतो, आणि तुमच्या मुलाखतीची किंमत तिच्या उचलीत मिळवली जाते. संध्याकाळी मोळ्या भरून गाडी रवाना झाल्यावर, स्वयंपाक आटोपल्यावर कोपीत, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपडीत, बसा. कोपीत वीज नसते, म्हणून प्रखर दिवा नेण्याचा मोह होतो. तो टाळा, कारण लांबून दिसणारा उजेड कोणाच्या कोपीत आज कॅमेरा आहे हे अख्ख्या तळाला सांगतो. चुलीच्या किंवा कंदिलाच्या उजेडात चित्र दाणेदार येते, पण चालते. आवाज मात्र बिघडून चालत नाही. छोटा माइक पदराच्या आत, गळ्याच्या जरा खाली लावा. बांगड्यांचा आणि मंगळसूत्राचा आवाज आधी ऐकून घ्या. बोलणे संपल्यावर ती फाइल त्याच मोबाईलवर तिला पूर्ण दाखवा आणि यातले काय काढायचे ते तिलाच विचारा. तिने नवऱ्याविषयी किंवा सासूविषयीचे एखादे वाक्य काढायला सांगितले, तर ते तिथेच तिच्यासमोर नोंदवून घ्या.

अशा रात्री बायका ज्या गोष्टी सांगतात त्यांत लैंगिक अत्याचाराची गोष्ट निघण्याची शक्यता मोठी असते. या बाबतीत कायदा कडक आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार अशा पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. २०१८ च्या निपुण सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही मनाई मृत पीडितेच्या बाबतीतही लागू असल्याचे स्पष्ट केले, आणि नाव न घेता ओळख पटेल असा तपशील देणेही त्यात धरले. सज्ञान स्त्रीच्या लेखी संमतीची तरतूद कायद्यात आहे, पण ऊसतोडीच्या तळावर तिचा आधार घेऊ नये असे माझे ठाम मत आहे. चेहरा धूसर केला की काम झाले, असे नवखे लोक समजतात. तिच्या गावच्या माणसाला मात्र हातावरचे गोंदण, लुगड्याचा काठ, दारातली शेरडी आणि बोलण्याची ढब एवढे पुष्कळ होते. अशा वेळी तिचे म्हणणे दुसऱ्या स्त्रीच्या आवाजात ऐकवावे आणि ते दुसऱ्या आवाजात आहे हे पडद्यावर स्पष्ट लिहावे. बाल लैंगिक अत्याचाराची बाब असेल तर ती आधी पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, हेही मनात असू द्या.

सुरक्षेचा विचार बोलणाऱ्यांपुरता संपत नाही. इंडोनेशियात १९६५-६६ मध्ये झालेल्या कत्तलींवरच्या २०१२ च्या 'द ॲक्ट ऑफ किलिंग' या माहितीपटाच्या श्रेयनामावलीत एका सहदिग्दर्शकासह तिथल्या कितीतरी सहकाऱ्यांच्या नावांच्या जागी 'अनामिक' एवढेच लिहिलेले आहे. कत्तल होऊन जवळजवळ अर्धे शतक उलटले होते, तरी नाव देणे सुरक्षित नव्हते. तुमच्याबरोबर बीडकडील एखादा मुलगा दुभाष्यासारखा, वाटाड्यासारखा काम करणार असेल, तर त्याला स्वतःचे नाव हवे आहे का हे त्यालाच ठरवू द्या, आणि ते शेवटच्या दिवसापर्यंत बदलण्याची मुभा ठेवा.

पुराव्याच्या बाजूकडे तरुण लोक दुर्लक्ष करतात, कारण आपण कलाकृती करत आहोत अशी त्यांची समजूत असते. ज्या चित्रणाचा उद्या न्यायालयात उपयोग होऊ शकतो, त्याची मूळ फाइल जपणे हे आपल्या कामाचे अंग आहे. याबाबतचा आजचा कायदा महाराष्ट्रातीलच एका प्रकरणाने स्पष्ट केला. जालना विधानसभेच्या २०१४ च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीनंतर स्वीकारले गेले की नाही, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील व्हिडिओ चित्रणावर येऊन ठेपला. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मूळ उपकरणच हजर केलेले नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत विहित प्रमाणपत्र असलेच पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये हीच गोष्ट पुढे नेऊन प्रमाणपत्रात फाइलचे हॅश मूल्यही मागितले आहे. हॅश म्हणजे फाइलच्या आशयावरून संगणक काढतो तो अक्षरांचा आणि आकड्यांचा संच. फाइलीत एक फ्रेम जरी बदलली तरी तो बदलतो. म्हणून ज्या मोबाईलवर ते पहिले चित्रण झाले तो विकू नका, दुरुस्तीला टाकू नका, त्यातील फाइल कापू नका. केबल लावून ती जशीच्या तशी दोन वेगळ्या डिस्कवर घ्या, त्याच दिवशी हॅश काढून वहीत तारखेसह लिहा आणि संकलन नेहमी तिसऱ्या प्रतीवर करा. व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत आकसलेली असते आणि तिच्यातून चित्रणाची तारीख, वेळ, उपकरण हा तपशील निघून गेलेला असतो. ती पुरावा म्हणून जवळजवळ निरुपयोगी ठरते.

बोललेल्या शब्दाला कागदाची जोड मिळाली की त्याचे वजन बदलते, आणि ऊसतोडीत कागद असतोच, फक्त तो मजुराच्या हातात नसतो. मुकादमाची किंवा टोळीतल्या एखाद्या शिकलेल्या पोराने ठेवलेली वही मिळाली, तर तिचे चित्रीकरण घाईने करू नका. आधी बंद वही, दोन्ही बाजूंची पुठ्ठ्याची पाने. मग पहिले पान आणि शेवटचे पान. मग ज्या कोयत्याचा, म्हणजे ज्या जोडप्याचा हिशेब आहे त्याची सगळी पाने सलग, पान उलटणारा हात फ्रेममध्ये ठेवून, मध्ये कट न देता. दसऱ्याच्या सुमारास दिलेली उचल, दर आठवड्याच्या बाजाराचे पैसे, दवाखान्याचे पैसे, खाडे आणि अगदी शेवटी टनांचा आकडा, असा तो क्रम असतो. टनांचा आकडा कुठून आला, हे विचारा. वजन कारखान्याच्या काट्यावर होते, पावती गाडीवानाकडे किंवा वाहतूकदाराकडे जाते, आणि ज्याने ऊस तोडला त्याने ती कित्येकदा पाहिलेलीही नसते. काटामारीविषयी, म्हणजे वजनातल्या फसवणुकीविषयी, आपल्या भागातला शेतकरी वर्षानुवर्षे बोलतो. त्याच काट्यावरून तोडणाऱ्याचीही मजुरी ठरते, ही बाजू फारशी कोणी दाखवलेली नाही. टोळीत शाळेत जाणारी एखादी मुलगी असेल तर तिला ती पाने मोठ्याने वाचू द्या. आईच्या नावावरचे आकडे पहिल्यांदा ऐकताना आई काय विचारते, ते कोणत्याही निवेदनापेक्षा जास्त सांगून जाईल. अर्थात हे त्या दोघींना मान्य असेल तरच, आणि वहीचा मालक कोण, ती कोणी दाखवली, हे चित्रातून कळणार नाही अशी काळजी घेऊन.

इथेच एक कठीण गोष्ट सांगते. या गोष्टीत मुकादम हा खलनायक म्हणून आयता मिळतो, आणि तिथेच बहुतेक माहितीपट थांबतात. त्याने माणूस अडकवून ठेवला असेल तर तो गुन्हेगार आहेच, त्यात सौम्य होण्याचे कारण नाही. पण उचलीचे पैसे त्याच्या घरचे नसतात. ते वाहतूकदाराकडून येतात, वाहतूकदाराने ते कारखान्याकडून किंवा बँकेतून उचललेले असतात, आणि उचल घेऊन टोळी किंवा मुकादमच फिरकला नाही म्हणून बुडालेले ट्रॅक्टरवाले वाहतूकदार तुम्हाला शिरोळ-हातकणंगल्यातच भेटतील. त्यांचेही दुःख खरे आहे. ही साखळी वरपर्यंत नेऊन दाखवा. कारखान्याचा हिशेबनीस, वाहतूकदार, मुकादम आणि जोडपे अशा चौघांना तोच एक प्रश्न विचारा की माणूस मेला, आजारी पडला किंवा पळाला तर हे पैसे कोणाचे बुडतात. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली, तिचा किती भाग कोयत्यापर्यंत पोहोचला हेही त्यातच विचारता येईल. आरोप ज्याच्यावर आहे त्याला आपले म्हणणे मांडण्याची लेखी संधी द्या आणि त्याने नकार दिला तर तो नकार पडद्यावर नोंदवा. बदनामीच्या खटल्यात हा कागद उपयोगी पडतो हे खरेच. शिवाय मजुराच्या बाजूने उभे राहणाऱ्याला दुसरी बाजू विचारण्याची भीती नसते, हेही त्यातून प्रेक्षकाला कळते.

कर्जाने माणूस कसा बांधला जातो, हे कोल्हापूरच्या कॅमेऱ्याने शंभर वर्षांपूर्वी पाहिलेले आहे. बाबूराव पेंटरांनी १९२५ साली नारायण हरी आपट्यांच्या कथेवरून 'सावकारी पाश' हा मूकपट काढला आणि शांतारामबापूंनी त्यात जमीन गमावून शहराच्या वाटेला लागणारा शेतकरी उभा केला. देवादिकांच्या कथांचा तो काळ होता, आणि या गावात कोणीतरी सावकाराच्या कागदावर कॅमेरा रोखला. ती गोष्ट कल्पित होती, तुमची खरी आहे. पण कर्जाचा कागद नीट दाखवण्याची परंपरा तुमच्या घरची आहे, म्हणून आवर्जून सांगितले.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे, न्याय मिळेल का याकडे येते. माहितीपटाने न्याय मिळाल्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणून एरॉल मॉरिस यांच्या १९८८ च्या 'द थिन ब्लू लाइन'कडे बोट दाखवले जाते. डॅलसमधील एका पोलिसाच्या खुनासाठी १९७७ साली रँडल डेल ॲडम्सला दोषी ठरवून मृत्युदंड झाला होता; ती शिक्षा पुढे जन्मठेपेत बदलली. माहितीपट आल्यानंतरच्या वर्षी तो तुरुंगातून सुटला. हे उदाहरण सांगणारे दोन गोष्टी विसरतात. पहिली अशी की, मॉरिस यांनी ॲडम्सच्या निरपराधपणाविषयी भाषण केले नाही. प्रत्येक साक्षीदाराने जे सांगितले ते वेगवेगळे उभे करून दाखवले, त्यामुळे त्या साक्षींचा एकमेकींशी मेळ बसत नाही हे पाहणाऱ्याला स्वतःच दिसले. खरा संशयित ज्यात जवळजवळ कबुली देतो ती शेवटची मुलाखत कॅमेरा बंद पडल्यामुळे नुसती ध्वनिफितीवर घेतलेली आहे, आणि तेच त्या माहितीपटाचे शिखर ठरले. दुसरी गोष्ट अशी की, सुटकेनंतर ॲडम्स आणि मॉरिस यांच्यात ॲडम्सच्या जीवनकथेच्या हक्कावरून वाद झाला आणि तो तडजोडीने मिटवावा लागला. ज्याला सोडवले त्याच्याशीसुद्धा कागद स्वच्छ असावा लागतो, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला माहीत नाही.

चित्रण स्वतः बोलते, या समजुतीवरही विसंबू नका. लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी १९९१ साली रॉडनी किंगला केलेली मारहाण एका शेजाऱ्याने चित्रित केली आणि ती जगाने पाहिली. तरीही बचाव पक्षाने तेच चित्रण न्यायालयात एकेक फ्रेम थांबवत दाखवले, प्रत्येक फटक्याला एक सबब जोडली, आणि २९ एप्रिल १९९२ रोजी त्या पोलिसांची खुनशी मारहाणीच्या मुख्य आरोपातून सुटका झाली. पुढे वेगळ्या संघराज्य खटल्यात त्यांतील दोघांना शिक्षा झाली. चित्रणाच्या आधी काय घडले, नंतर काय घडले, कॅमेऱ्यामागे कोण होते, हे सारे तुम्ही नोंदवले नाही, तर ते दुसरा कोणीतरी आपल्या सोयीने भरून काढतो.

आपल्याकडचे उदाहरण मला अधिक जवळचे वाटते. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले आणि त्यानंतर चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी जीवन संपवले. आनंद पटवर्धन यांचा त्यावरचा माहितीपट 'जय भीम कॉम्रेड' पूर्ण झाला तो २०११ साली. दरम्यान गोळीबाराची चौकशी करणाऱ्या गुंडेवार आयोगाचा अहवाल आला होता, आणि २००९ साली सत्र न्यायालयाने संबंधित पोलीस अधिकाऱ्याला दोषी ठरवलेही होते. म्हणजे त्या निकालाचे श्रेय माहितीपटाकडे जात नाही. पण चौदा वर्षे त्या वस्तीत जात राहिल्यामुळे जे कोणत्याही निकालपत्रात मावत नाही ते तिथे साठले: मेलेल्यांच्या घरी पुढे काय झाले, कोण कोणत्या पक्षात गेले, वस्तीतली गाणी कोणी पुढे नेली. न्यायालय एका घटनेचा निवाडा करते, आणि तो होईपर्यंत ज्यांना थांबावे लागते त्यांचे आयुष्य माहितीपट नोंदवतो. कोल्हापूरला हे थांबणे ठाऊक आहे. १६ फेब्रुवारी २०१५ च्या सकाळी फिरून परतताना गोविंद पानसरे आणि उमाताई यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, २० तारखेला अण्णा गेले, आणि त्यानंतर तपास, आरोपपत्रे आणि तारखा यांत किती वर्षे सरली हे या शहराने मोजले आहे. त्या बाईला 'माहितीपट आला की तुझा दीर सुटेल' असे चुकूनही सांगू नका. तिला खरे सांगा: सुटका झाली तर अर्जाने आणि वकिलाने होईल, माहितीपटाने तिचे म्हणणे टिकेल आणि दुसऱ्या टोळीतल्या बाईला आपणही अर्ज करू शकतो हे कळेल.

प्रकरण न्यायालयात गेल्यावर चित्रीकरण थांबवण्याचे कारण नाही, पण प्रदर्शनाची वेळ वकिलाशी बोलून ठरवा. खटल्यावर परिणाम होईल अशी खरी भीती असेल, तर प्रसिद्धी काही काळ लांबवण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या सहारा-सेबी प्रकरणात म्हटले आहे. 'दोषी' हा शब्द निकालाआधी निवेदनात नको.

प्रमाणपत्राविषयी थोडक्यात सांगते. जाहीर प्रदर्शनासाठी १९५२ च्या चित्रपट कायद्यानुसार केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र लागते आणि माहितीपट त्यातून सुटलेला नाही. ख्वाजा अहमद अब्बास यांनी आपल्या 'चार शहरांची' कहाणी सांगणाऱ्या माहितीपटाच्या निमित्ताने या पूर्वपरीक्षणालाच आव्हान दिले होते, पण १९७० साली सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. अर्ज ऑनलाइन होतो आणि आपला संबंध मुंबईच्या प्रादेशिक कार्यालयाशी येतो. मंडळाने सुचवलेली काटछाट मान्य नसेल तर पूर्वी अपिलासाठी न्यायाधिकरण होते. २०२१ मध्ये ते रद्द झाल्यापासून थेट उच्च न्यायालयात जावे लागते, आणि स्वतःच्या पैशांनी माहितीपट करणाऱ्याला हा बदल फार जड गेला आहे. महोत्सवांना केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट घेता येते. २००३-०४ मध्ये मुंबईच्या सरकारी माहितीपट महोत्सवात भारतीय माहितीपटांनाच प्रमाणपत्राची अट घातली गेली, तेव्हा देशभरचे माहितीपटकार एकत्र आले आणि त्यातून 'विकल्प' ही चळवळ उभी राहिली. आज गावोगावी बंदिस्त गटांपुढे होणारे खेळ आणि त्यानंतरच्या चर्चा ही बरीचशी त्या काळाची देणगी आहे. दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनात जाहीर खेळ करायचा असेल तर प्रमाणपत्र हाती घेऊनच तारीख ठरवा, म्हणजे आयत्या वेळी कोणाला खेळ बंद पाडण्याचे निमित्त मिळणार नाही.

पण तो खेळ पहिला असू नये, असा माझा आग्रह आहे. पहिला खेळ त्या टोळीच्या गावी, निवडक माणसांपुढे, बाया-बापड्यांच्या सोयीच्या वेळी करा. 'खबर लहरिया' या वृत्तसंस्थेच्या दलित महिला पत्रकारांवरचा 'रायटिंग विथ फायर' हा माहितीपट २०२२ मध्ये ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचला, आणि त्याच सुमारास त्या संस्थेने जाहीर निवेदन काढून सांगितले की माहितीपट प्रभावी आहे, पण त्यात आमच्या कामाचे चित्र अपुरे आणि म्हणून चुकीचे आले आहे. त्या वादात कोणाची बाजू किती बरोबर हा वेगळा विषय. ज्यांच्याविषयी बोलायचे त्यांनी आपले म्हणणे अपुरे राहिल्याचे जगाला कळवण्याआधी ते आपल्याला सांगावे, एवढी जागा आपण संकलनात ठेवली पाहिजे. तुमच्या बाबतीत त्यासाठी पुढचा पावसाळा मोकळा ठेवा. टोळ्या तेव्हा गावीच असतात आणि मुकादमाची उचलीची फेरी अजून सुरू झालेली नसते. त्या भेटीत एखादीने आपला भाग पूर्ण काढून टाकायला सांगितला तर तो काढावा लागेल, माहितीपट दहा मिनिटांनी लहान झाला तरी.

पैशाबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण प्रश्न येणारच. साक्षीसाठी पैसे देऊ नका. उद्या तीच गोष्ट तिच्याविरुद्ध वापरली जाईल. दुखण्याला, मुलांच्या वह्या-पुस्तकांना किंवा वकिलाकडे जायच्या एसटीच्या भाड्याला हातभार लावायचा असेल तर तो टोळीतल्या सगळ्यांना समजेल असा, आणि मुलाखतीशी न जोडता द्यावा. माहितीपटाला पुढे बक्षीस किंवा उत्पन्न मिळाले तर त्याचे काय करायचे, हे आजच लिहून ठेवा.

हंगाम फार दिवस उरलेला नाही. पट्टा पडण्याआधी त्या बाईकडून तिचे गाव, तालुका, मुकादमाचे गाव आणि दिराला शेवटचे कोणी कुठे पाहिले एवढे लिहून घ्या, मूळ फाइलच्या प्रती आणि हॅश करून ठेवा, आणि तिला बरोबर येण्याची हिंमत झाली की जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. तिथे तुमचा कॅमेरा पिशवीतच राहू द्या. अर्जाची पोच शिक्क्यासह घ्या आणि तिची एक प्रत तिच्याजवळ, मुकादमाच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवायला सांगा.